दगडातलं बदक

नामदेव पाटलांना जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा त्यांचा मुलगा कुंदन इजिप्तची सहल करून कोपरखैरण्याला परतला.

तिथल्या थडग्यांत म्हणे भिंतीवर माणसं कोरलेली असतात. ओळीनं चाललेली, कुणाच्या हातात बदक, कुणाच्या डोक्यावर पाव, कुणाच्या खांद्यावर वासराची तंगडी. दगडातलं ते जेवण मेलेल्याला कायम पोचत राहतं, असं गाईडनं सांगितलं. एकदा कोरलं की रोजची कटकट नाही, ही सोय कुंदनला फार आवडली. त्यानं आपण बांधलेल्या टॉवरसमोर बापाची समाधी बांधायला काढली आणि शिवराम पाथरवटाला फोटो दिले. ओळीत पहिला, दोन्ही हातांत बदक घेऊन, खुद्द कुंदन. मिशीसकट.

ते कोरलेलं पाहून त्याच्या आईच्या, गोजराबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हातारा अंथरुणाला खिळला तेव्हा त्याला भरवलं-पुसलं ते त्यांनी आणि सून नमितानं. कुंदन खोलीत यायचा तो सरकारनं घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचे कागद घेऊन. एकदा बापानं पाणी मागितलं, तर हा म्हणाला, आधी अंगठा.

त्यांनी तोंडावर सुनावलं. कुंदननं समजूत घातली की कलेत चालतं तसं, टेन्शन घेऊ नको. तुलाही घेतलंय की मागं, कमळ देऊन.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोजराबाई नेहमीप्रमाणे शिवरामची भाकर आणि सुकट घेऊन गेल्या. काम सुरू झाल्यापासून त्याचं जेवण त्यांच्याच हातचं. त्याचं खाऊन झाल्यावर त्यांनी विषय काढला.

"शिवराम, त्याच्या हातातलं बदक उडव."

शिवराम चाचरला. शेटनं पास केलेलं काम, आणि उडालेला दगड काही परत चिकटत नाही.

"म्हनून तं सांगतेय. इतके दिस माझी भाकर खाल्लीस. त्यानं कदी पानी तरी इचारलं तुला?"

शिवरामनं हात धुतले आणि छिन्नी उचलली.

वर्षश्राद्धाला नगरसेवकांनी पडदा ओढला. नामदेव खुर्चीत बसलेले. माणसं भरल्या हातांनी येताहेत. सगळ्यांत पुढं कुंदन, दोन्ही रिकामे हात बापापुढं पसरून. टाळ्या वाजता वाजता थांबल्या. गावातल्या एका म्हाताऱ्यानं चष्मा पुसून पाहिलं आणि पोरगा हुबेहूब उतरलाय, असा निर्वाळा दिला.

कुंदनचे कान लाल झाले. "आये, बदक कुटं गेलं?"

गोजराबाईंनी पहिलं पान दगडापुढं ठेवलं.

"तू आनलंस कदी?"