बटणांच्या दुकानातली शिडी

विमा कंपनीच्या पत्राला बटणवाल्यांनी उत्तर दिलं नव्हतं. त्यांची पॉलिसी एकगठ्ठा होती: दुकान, माल, शिवाय दुकानात गिऱ्हाइकाला काही इजा झाली तर तिची भरपाईही. नूतनीकरणाआधी कंपनीनं एवढंच विचारलं होतं, की शिडीवर गिऱ्हाइकं चढतात का?

चढत होती की! वडिलांपासूनचा रिवाज होता. वरच्या खणातलं बटण ज्याचं त्यानं शोधायचं. शिंपी मंडळी शिडीवर बसून गप्पा हाणत आणि बटणवाले खाली मान घालून ऐकत. स्वतः बोलायचं म्हटलं, की त्यांच्या तोंडाला कुलूप. शिडी गेली तर ही मैफलच उठायची. म्हणून पत्रापुरती त्यांनी मिठाची गुळणी धरली होती.

"'नाही' असं लिहून टाका, दाजी," विमा एजंट असलेला मेव्हणा म्हणाला. "बघायला कोण येतंय?"

"आणि कुणी पडलं तर?"

"तर कंपनी हात वर करील. आणि तिच्या मागं उभा राहून मीपण!"

त्याच दुपारी शिंपीणबाई शिंपल्याच्या बटणांसाठी वर चढल्या. वाकून खण ओढला, तो सगळाच बाहेर आला आणि त्यांचा पाय घसरला. बटणवाल्यांनी धावत जाऊन त्यांना धरलं. बटणं दुकानभर पांगली.

"एवढ्यात मरत नाही मी!" बाई हसल्या. पण खाली टेकल्यावर त्यांनी उजव्या हाताची बोटं एकेक करून वाकवून पाहिली. कात्री धरायचा हात. त्यावरच त्यांचं घर चालत होतं.

ते पाहून बटणवाल्यांनी शिडी उचलली आणि गल्ल्यामागं नेऊन उभी केली.

"अहो, मग आमची बटणं कोण शोधणार?"

"मी," बटणवाले चाचरत म्हणाले. "तुम्ही खाली बसायचं. स्टूल आणतो. वर मी चढलो, की... बोलत राहा म्हणजे झालं."

"बोलू की! आणि चुकीचं काढलंत तर शिव्यासुद्धा घालू."

बाई गेल्यावर त्यांनी कागद ओढला. 'आजपर्यंत चढत होती. आज एक बाई पडता पडता वाचल्या. यापुढे फक्त मी चढेन. हप्ता वाढत असेल तर कळवावे.' पुन्हा वाचलं तर हात कचरेल, म्हणून न वाचताच पाकीट चिकटवलं, दुकान उघडं टाकून कोपऱ्यापर्यंत गेले आणि ते टपालपेटीत सोडलं.