कॉफीच्या सोयीचं मध्यंतर

आमच्या थिएटरात मध्यंतर असतं. कोपनहेगनच्या लोकांना याचं हसू येतं, कारण तिकडे सिनेमा एकदा सुरू झाला की शेवटपर्यंत कुणी जागचं हलत नाही. आमचं गाव लिमफ्योर्डच्या खाडीकाठी आहे, थिएटर चौऱ्याऐंशी खुर्च्यांचं, आणि ते चालवणारे आम्ही सगळे बिनपगारी. दोन निवृत्त शिक्षिका, एक खाटीक, एक नर्स, एक निवृत्त मेकॅनिक, आणि मी, विबेके, पोस्ट ऑफिस बंद होईपर्यंतची इथली पोस्टमास्तरीण. मध्यंतरात कॉफी आणि केक खपतो म्हणून हिवाळ्यात हॉल गरम राहतो. मध्यंतर कधी घ्यायचं ते मी ठरवते. कॉफीचं मोठं भांडं तयार व्हायला पंचावन्न मिनिटं लागतात, म्हणून मध्यंतर पंचावन्नाव्या मिनिटाला. पडद्यावर त्या वेळी कोण मरतंय, कोण कुणाच्या प्रेमात पडतंय, याच्याशी मला काही कर्तव्य नव्हतं.

वीस वर्षं हे करतेय, त्यामुळे आपला डॅनिश सिनेमा मी केकवरून ओळखते. थ्रिलर असला, पावसात भिजणारा पोलीस आणि कुणाच्या तरी तळघरातलं प्रेत, तर लोक खुर्चीतून उठत नाहीत आणि केक उरतो. विनोदी असला, घटस्फोट झालेली माणसं एकाच सुट्टीच्या घरात अडकलेली, तर केक पहिल्या पाच मिनिटांत संपतो. गंभीर असला तर लोक केक घेतात आणि तसाच हातात धरून बसतात.

एस्बेनचा सिनेमा यातल्या कशात बसतो ते मात्र आम्हाला ठरवता येईना. एस्बेन आमच्याच गावचा. लहानपणी पोस्टात येऊन माझ्याकडून पाकिटांवरची परदेशी तिकिटं मागून न्यायचा. आता चव्वेचाळीस वर्षांचा आहे, आधी दोन थ्रिलर केले, आणि हा तिसरा सिनेमा आपल्या बापावर. पोस्टरवर ‘विनोदी’ असं छापलं होतं. तेवढ्यावरून मी दोन केक जास्त करायला सांगितले.

त्याचा बाप, एगोन, हाही थिएटर चालवणाऱ्या आमच्यातलाच. गोठ्यांमधली दूध काढायची यंत्रं दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं, आता वय चौऱ्याहत्तर. बायको, इंगर, तीन वर्षांपूर्वी गेली. एगोन मुळातच कमी बोलायचा, त्यानंतर जे थोडं बोलायचा तेही गेलं. सिनेमा येणार म्हटल्यावर मी त्याला विचारलं.

“येशील ना बघायला?”

“नको.”

“अरे, तुझ्या पोराचा आहे.”

“म्हणूनच नको.”

मग मी सिनेमाच्या रविवारी दुपारच्या खेळाला त्याची कामाची पाळी लावून टाकली. आमच्याकडे भिंतीवरच्या तक्त्यात नाव आलं की माणूस येतो. ताप असला तरी येतो. एगोन तक्त्यापुढे उभा राहिला, मग माझ्याकडे बघितलं, आणि “बरं” म्हणाला. मी स्वतःवर जाम खूश होते.

एस्बेनने आठवडाभर आधी मला पत्र लिहिलं होतं. या सिनेमात मध्यंतर ठेवू नकोस, आणि ठेवायचंच असेल तर निदान एक तास वीस मिनिटांनंतर ठेव. मी वाचलं आणि मनात म्हटलं, चार लोकांनी नावाजलं की लगेच तोरा आला याला. इथे पासष्ट वर्षांपासून मध्यंतर आहे, आणि तोपर्यंत कॉफी निवून जाईल. मी पंचावन्नच लावलं.

सिनेमा मी आधी बघितला नव्हता. पहिली दहा मिनिटं चालवून आवाज नीट येतोय का तेवढं बघते, बस. त्या रविवारी हॉल गच्च भरला होता, एस्बेनही मुद्दाम शहरातून आला होता. एगोन सवयीप्रमाणे मागे, दाराशी उभा.

सुरुवातीपासूनच लोक हसायला लागले. पडद्यावर एक म्हातारा, एक मुलगा, मुलाची मैत्रीण. मुलगा दर महिन्याला शहरातून घरी येतो. जेवताना बाप बटाट्यांकडे बघत बसतो. आणि निघायच्या दिवशी पहाटे, अजून उजाडलेलंही नसतं, तेव्हा खिडकीखालून आवाज येतो, खर्र खर्र. बाप मुलाच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत असतो. मैत्रीण पांघरुणात तोंड खुपसून म्हणते, “तुझ्या बाबांना आपल्याला हाकलायची फारच घाई झालेली दिसते.” हॉल फुटला हसण्याने. तोच प्रसंग पुन्हा आला, मग तिसऱ्यांदा आला, आणि चौथ्यांदा नुसता ‘खर्र’ ऐकू आला तरी लोक डोळे पुसत होते. कारण हे सगळ्यांना माहीत होतं. हिवाळ्यात एस्बेन आला की सकाळी सहाला एगोन अंगणात दिसायचा. पुढच्या रांगेतली माणसंसुद्धा मान वळवून त्याच्याकडे बघत होती.

तेवढ्यात पंचावन्न मिनिटं झाली आणि दिवे लागले.

एगोन काउंटरमागे कॉफी ओतायला उभा राहिला. जो येईल तो काहीतरी बोलून जात होता.

“काय रे एगोन, पोरगं उठायच्या आधीच बर्फ काढतोस होय?” हा आमचा खाटीक.

“आमच्याही अंगणात ये की एकदा! आमचे पाहुणे तर जाता जात नाहीत!”

“दूध की साखर?” एगोन विचारत होता. प्रत्येकाला तेच, एकाच सुरात. कॉफी मात्र बशांमध्ये सांडत होती. हे मी वरच्या कठड्यावरून पाहिलं, आणि पहिल्यांदा मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

एस्बेन जिना चढून माझ्या प्रोजेक्टरच्या खोलीत आला.

“विबेके, मी तुला लिहिलं होतं.”

“कॉफी तयार होती,” मी म्हणाले. इतकं मूर्ख वाक्य मी पोस्टाच्या खिडकीमागे बसूनसुद्धा कधी बोलले नसेन.

“अगं, पहिला अर्धा भाग त्या मुलाला काय वाटायचं तेवढाच आहे. त्याला काही कळलेलंच नसतं. इथे थांबलं तर बाबांची फक्त टिंगल उरते. अख्ख्या गावासमोर.”

“मग खाली जा आणि त्याला सांग.”

“काय सांगू? दोन वर्षं लागली मला ते सांगायला. ते सगळं दुसऱ्या भागात आहे.”

तरी तो गेला. मी कठड्यावरून बघत होते. बापासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “बाबा, चल ना आत. माझ्या शेजारी बस.”

“कप धुवायचेत,” एगोन म्हणाला.

आमच्याकडे कप धुवायचं यंत्र आहे. एगोननेच ते दोनदा दुरुस्त केलंय. एस्बेन थोडा वेळ तिथेच घुटमळला आणि मग एकटाच आत गेला.

मी सिनेमा पुढे सुरू केला. आणि मग जे वीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं, प्रोजेक्टर त्याच्या नशिबावर सोडून खाली स्वयंपाकघरात गेले. एगोन बाह्या वर करून, नळ सोडून, एकेक कप हाताने घासत होता. माझ्याकडे पाठ.

“एगोन, माझी चूक झाली. त्याने मध्यंतर उशिरा घ्यायला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.”

“कॉफी वेळेवर झाली,” तो म्हणाला.

“पुढचा भाग वेगळा आहे म्हणतो तो. चल आत.”

“लोकांना मजा आली. चांगलंय की.” त्याने एक कप उजेडात धरून बघितला आणि पुन्हा साबणात बुडवला. “माझी पाळी आहे. संपली की घरी जाईन.”

पाळी मीच लावली होती. तो पळून जाऊ शकत नव्हता आणि आतही जाऊ शकत नव्हता, आणि हे सगळं माझ्या शहाणपणामुळे. मला रडू आलं, पण रडून त्याला अजून अवघडवण्यात काय अर्थ होता?

स्वयंपाकघरात फ्रीजवर एक लहान स्पीकर आहे. हॉलमधला आवाज त्यात येतो, म्हणजे सिनेमा संपत आला की दारं उघडायला कुणीतरी तयार राहतं. एरवी तो पुटपुटत असतो. मी त्याचं बटण पूर्ण फिरवलं आणि फडकं घेऊन कप पुसायला लागले. एगोनने वळून स्पीकरकडे बघितलं. बंद करेल असं वाटलं होतं, पण त्याने केला नाही.

बराच वेळ दवाखान्यातले आवाज येत होते. आई आजारी होती. मुलगा फोनवर कामाचं बोलत होता. मग चर्चची घंटा, खुर्च्या सरकवल्याचा आवाज, कुणीतरी कॉफी ओततंय. हॉलमध्ये आता कुणी हसत नव्हतं. नळ चालूच होता.

मग पुन्हा, खर्र खर्र.

हॉलमध्ये कुणीतरी सवयीने हसलं आणि एकटंच पडलं. आवाज चालूच राहिला. मधेच खिडकी उघडल्याचं ऐकू आलं. मैत्रीण म्हणाली, “अजून खरवडतायत?” आणि मुलगा हळूच म्हणाला, “काच केव्हाच साफ झालीय.” थोडं थांबून म्हणाला, “अगं, बघ ना. साफ झालेलीच काच खरवडतायत. ते खरवडत असतात तोवर मी वर झोपलेलो असतो, इथेच असतो.”

एगोनने नळ बंद केला.

त्यानंतर स्पीकरवर दुसरं काहीच नव्हतं. तोच आवाज येत राहिला. मी घड्याळाकडे बघितलं, चार मिनिटं झाली होती. एवढा वेळ कुठल्याच गाडीच्या काचेला लागत नाही, आणि एगोनच्या हातातला कप तर कधीच स्वच्छ झाला होता. तो मात्र तो कप तसाच धरून उभा होता.

दिवे लागले तेव्हा लोकांनी आधी टाळ्या वाजवल्याच नाहीत, मग खूप वाजवल्या. बाहेर येताना खाटीक काउंटरपाशी थांबला. हातातला कप त्याने तिथे न ठेवता स्वयंपाकघरात आणून ठेवला. त्याच्यामागून बाकीच्यांनीही आणून ठेवले. इतक्या वर्षांत कुणी आपला कप आत आणून दिल्याचं मला आठवत नाही. एक केक अख्खा उरला होता.

सगळे गेल्यावर एस्बेन दारात आला. आत यावं की नाही ते त्याला कळत नव्हतं. एगोनने हात पुसले, बाह्या खाली केल्या, दोन्ही बटणं लावली.

“आवाज चुकलाय,” तो म्हणाला.

“कसला आवाज?”

“खरवडायचा. तो प्लास्टिकचा आहे. मी लाकडाने काढतो. तुझ्या आईच्या उलथन्याने.”

“माहितेय मला,” एस्बेन म्हणाला. “बाजारातली सहा उलथनी आणून बघितली, तसा आवाज येईना. तेच हवं होतं. तुझ्याकडे मागायची हिंमत झाली नाही.”

“मागायचं की. दिलं असतं.”

“आणि बाकीचं?” एस्बेनने विचारलं. “बाकीचं बरोबर होतं का?”

एगोनने फडकं घडी करून ओट्यावर ठेवलं. मग उलगडलं आणि परत घडी केली.

“बाकीचं वाईट नव्हतं,” तो म्हणाला.

मला आता तिथून निघायला हवं होतं, पण मी जागची हलले नाही. माझ्या हातात शेवटचा कप होता आणि मी तो पुसतच राहिले.

“उद्या किती वाजता निघणार?” एगोनने विचारलं.

“आठला निघायचं ठरवलं होतं.”

“मग मी सहाला उठतो. रात्रीतून गाडीवर चांगलंच साचेल.”

“नको बाबा,” एस्बेन म्हणाला. “बर्फ राहू दे तसाच. वितळला की निघेन.”

एगोनने खिडकीबाहेरच्या तापमापकाकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

“अरे, आठवडाभर उणे सहा सांगितलंय,” तो म्हणाला.

“माहितेय,” एस्बेन म्हणाला आणि खुंटीवरचा बापाचा कोट काढून त्याच्यापुढे धरला.