जिंकत होतो म्हणून न घासलेली भट्टी

मित्रांनो, मी भट्टी आहे. विटांची नव्हे, लोखंडाची. चाकांवर चालणारी, डुकराचे फरे सकाळपासून संध्याकाळपर्यंत धुरावर भाजणारी. वय झालंय आता. एक चाक वाकडं आहे आणि झाकण उघडताना कुरकुरतं. एक गोष्ट फार दिवस पोटात ठेवली मी, कारण बोलायची सोयच नव्हती. आज तुम्ही ऐकताय, तर सगळं सांगून टाकते.

जन्माने मी डिझेलची टाकी. अलाबामात ऑरव्हिल टिडवेलच्या गोठ्यामागे गंजत पडले होते. त्याचा लहानपणापासूनचा दोस्त हॉलिस प्रुइट, हा वेल्डर. एका उन्हाळ्यात दोघांनी मला ओढत हॉलिसच्या अंगणात आणलं, आडवं पाडलं आणि माझं पोट कापलं. आत जाळी बसवली, शेजारी जाळाची पेटी जोडली, वर धुराडं लावलं, हवा कोंडायला झडपा बसवल्या, खाली बोट ओढून नेायच्या एका मोडक्या गाड्याची चाकं. डिझेलचा वास जावा म्हणून मला रिकामीच तापवत ठेवलं. फार भाजलं हो तेव्हा. पण त्या दिवसापासून मी कामाची झाले.

आमच्या गावात कॉलेज आहे आणि कॉलेजचा फुटबॉलचा संघ आहे. संघाचं नाव 'चावरी कासवं'. हसू नका, गावात या नावावर कुणी हसत नाही. शरद ऋतूतल्या शनिवारी सामना असला की पहाटे मला ट्रकला बांधून मैदानाबाहेर गाड्या लावतात तिथे नेत. अक्रोडासारख्या पिकॅनच्या झाडाखालची जागा आमची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जाळ हॉलिसचा, मांस ऑरव्हिलचं, अशी वाटणी होती. ओळखीचा असो नसो, माझ्यासमोर उभा राहिलेला माणूस रिकाम्या हाताने गेला नाही. आणि खरं सांगू, आमची कासवं बहुतेक वेळा हरायचीच. हरून आलेल्या माणसाला मक्याचा पाव आणि गरम मांस हातात द्यायचं, हे माझं खरं काम. त्या कामात मला तोड नव्हती.

सामना संपला की हॉलिस तारेचा ब्रश घेऊन मला आतून घासायचा. चरबी तळाशी साठते, मित्रांनो. दिसत नाही, पण साठते. ती काढली नाही तर एक दिवस पेट घेते. हॉलिसने आपल्या मुलाला, लेलंडला, हे सगळं शिकवलं होतं. त्यातला एक नियम तर लेलंडच्या अंगात मुरला होता. भट्टी पेटती असताना तिला सोडून जायचं नाही. घरात पाहुणे येवोत, आभाळ कोसळो, भट्टीला पाठ दाखवायची नाही.

लेलंड मोठा झाला आणि त्याच कॉलेजच्या संघात हाताखालचा प्रशिक्षक म्हणून लागला. त्या दिवशी हॉलिसने माझ्या झाकणावर थाप मारली ती अजून आठवते. त्याच हिवाळ्यात संघाला नवा मुख्य कोच आला, ब्रॅनम नावाचा. आधीच्या कॉलेजला अर्ध्या हंगामात टांग मारून आलेला. आल्या आल्या त्याची एक चित्रफीत फिरली, दुखावलेल्या पोराची कॉलर धरून त्याला उन्हात पळायला लावतानाची. गावात कुजबुज सुरू झाली. अजून एकही सामना झाला नव्हता, आणि हा बाबा दर आठवड्याला काहीतरी नवीन काढून बसायचा.

मग वसंतातली ती संध्याकाळ आली.

हॉलिस कामावर बाहेरगावी होता. लेलंड अंगणात माझ्याजवळ बसून फरे भाजत होता. ऊन उतरायला लागलं तेव्हा त्याचा फोन वाजला. "हो सर," तो म्हणाला. मग बराच वेळ ऐकत राहिला. मग पुन्हा, "हो सर. येतो सर." त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि झडपा न लावताच पळत सुटला. मी पेटतीच राहिले. मांसाचा कोळसा झाला.

दुसऱ्या दिवशी कळलं. कोचची गाडी वाण्याच्या दुकानाच्या कोपऱ्यावरच्या लाँड्रीच्या दारात घुसली होती. लाँड्री चालवणारी मिस ओपल काउंटरमागे होती, तिचा पाय मोडला. आणि गाडी कोण चालवत होतं, तर म्हणे लेलंड. तो स्वतःच पोलिसांना तसं सांगून आला होता. मोबाईल बघताना चूक झाली, म्हणाला.

चालवत नव्हता हो तो! गाडी धडकली तेव्हा तो माझ्यासमोर बसून माझ्यात लाकूड सारत होता. त्या दोघांखेरीज साऱ्या गावात हे एकट्या मला माहीत होतं. पण धूर सोडण्यापलीकडे मला काय येतं?

हॉलिसला सगळ्यात जास्त काय लागलं, ठाऊक आहे? कोळसा झालेलं मांस. पेटती भट्टी सोडून पोरगा भटकायला गेला, आणि वर एका बाईला जायबंदी करून आला. तो लेलंडला टाकून बोलला, फार टाकून बोलला. लेलंडने मान वर केली नाही. मग कोच ब्रॅनमने सगळ्यांसमोर लेलंडच्या खांद्यावर हात ठेवला आणि पोरांच्या चुका पोटात घालायच्या असतात, असं काहीतरी बोलला. नोकरी कायम ठेवली. हॉलिस रडला. त्या दिवसापासून कोच म्हणजे हॉलिसला देवमाणूस.

ऑरव्हिलच्या मात्र काही केल्या गळी उतरेना. खानावळीतल्या वाढणाऱ्या बाईने त्याच संध्याकाळी कोचला पिऊन झोकांड्या खात बाहेर पडताना आणि स्वतः चाकामागे बसताना पाहिलं होतं, असं त्याच्या कानावर आलं होतं.

"हॉलिस, तुझा लेलंड गाडी इतकी हळू चालवतो की मागचे भोंगे वाजवून दमतात," तो म्हणाला. "तो कसा घुसेल दारात?"

"माझ्या पोराने स्वतः कबूल केलंय. तू त्याला खोटारडा ठरवतोस?"

"मी त्याला चांगला ठरवतोय. तुला ते कळत नाही, हाच तर वांधा आहे."

त्यानंतर दोघे माझ्या दोन टोकांना उभे राहू लागले. एक जाळाच्या पेटीशी, एक धुराड्याशी, मधे मी. आणि गावाचंही तसंच झालं. न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर, रेडिओवर, जिथे तिथे तोच वाद. काही जण म्हणत, आपल्याला जावई शोधायचा नाहीये, संघ जिंकवणारा माणूस हवाय. काही म्हणत, पोरं याच्या हाताखाली वाढणार आहेत, त्यांना हा काय शिकवणार, डोंबल? रेडिओवर एकाने तर सांगून टाकलं की ब्रॅनमने जिंकवलं तर माझी सासू पळवून नेली तरी मी तक्रार करणार नाही. त्यावर सासूनेच फोन करून त्याची कानउघाडणी केली.

हंगाम सुरू झाला आणि कासवं जिंकू लागली.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, आता भांडण मिटलं असेल. उलट पेटलं. शिवाय आमच्या लोकांची एक खोड आहे. संघ जिंकायला लागला की काही म्हणजे काही बदलायचं नाही. तीच टोपी, तेच न धुतलेले मोजे, गाडी त्याच जागी. पहिला सामना जिंकला तेव्हा हॉलिस भांडणाच्या तावात मला घासायचा विसरला होता. दुसराही जिंकला. मग आसपासच्या गाड्यांवरून दटावणीच आली की खबरदार भट्टीला हात लावलास तर, नशीब पुसलं जाईल. हॉलिसलाही ते पटलं. ज्या माणसाने मला इतकी वर्षं न चुकता घासलं, त्याने ब्रश टांगून ठेवला.

एकेक विजयाची चरबी माझ्या तळाशी साठत गेली. मला जड वाटायचं. झाकण उघडलं की आंबूस वास यायचा. ऑरव्हिल एकदा म्हणाला, आता घास बाबा, ही पेट घेईल. तर हॉलिस म्हणाला, तुला संघ हरायलाच हवाय ना? ऑरव्हिल धुराड्याच्या टोकाला निघून गेला. मिस ओपल कुबड्या घेऊन माझ्याजवळ खुर्चीवर बसायची. हॉलिस तिच्या हातात ताट द्यायचा, पण तिच्याकडे बघायचा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ओरडावंसं वाटायचं की अरे, तुझ्या पोराने काही केलेलं नाही, वर बघ, बघ तिच्याकडे! धुराड्यातून नुसता धूर निघायचा आणि लोक म्हणायचे, वा, काय वास आहे.

मग तो शनिवार. आमच्याकडे सामन्याआधी संघ मिरवत मैदानात जातो. दोरीच्या कुंपणाआड लोक उभे राहतात, बँड वाजतो, पुढे कोच, मागे त्याचे हाताखालचे, त्यामागे खेळाडू. बँडचा आवाज आला तसा हॉलिस कोचसाठी टाळ्या वाजवायला दोरीकडे धावला. ऑरव्हिलही गेला, पण पाठ फिरवून उभा राहायला. त्याच्यासारखे पाठ फिरवणारे आणखी काही होते. हॉलिसला वाटलं, ऑरव्हिल आहे भट्टीपाशी. ऑरव्हिलला वाटलं, हॉलिस आहे. माझ्यापाशी एकटी मिस ओपल, आणि तिला झडपा कुठे ठाऊक.

तळाची चरबी पेटली. हूं म्हणून आवाज झाला आणि माझ्या सगळ्या फटींतून ज्वाळा निघाल्या. रंग फुगून फुटला. मिस ओपलची कुबडी निसटली, तिला उठता येईना. बँडच्या आवाजात तिची हाक कुणाला ऐकू जाणार? काळा धूर वर चढला आणि लोकांनी तो पाहिलाही, पण त्यांना वाटलं, फऱ्यांचाच असेल.

धूर ओळखला एकाने. मिरवणुकीत कोचच्या मागे चालणाऱ्या लेलंडने. तो रांग मोडून दोरीवरून उडी मारून पळत आला. आधी त्याने मिस ओपलला खुर्चीसकट मागे ओढलं. मग उघड्या हातांनी माझ्या झडपा दाबल्या, खालची, वरची, जाळाच्या पेटीची. तापलेलं लोखंड होतं ते. मी त्याला जाळलं, मित्रांनो. माझ्या पोराचे हात मी जाळले, आणि त्याने ते काढले नाहीत, आग कोंडून मरेपर्यंत काढले नाहीत.

बँड थांबला. लोक धावले. हॉलिस आला, त्याने फडक्याने झाकण उचललं. आत सगळा कोळसा. तो कोळशाकडे बघत राहिला, मग लेलंडच्या हातांकडे. दोरीपलीकडून कोच ब्रॅनमने लेलंडला आवाज दिला, "प्रुइट, रांगेत ये. आत्ता आलास तर ये, नाहीतर येऊच नकोस."

हॉलिसने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "भट्टीसाठी तू याची रांग मोडलीस. मग त्या संध्याकाळी पेटती भट्टी का सोडलीस?"

लेलंड बापाऐवजी मिस ओपलकडे वळला.

"कोचचा फोन आला होता. धडक बसून गेली होती. मी घरी होतो, अंगणात, याच भट्टीपाशी. ते म्हणाले, माझी नोकरी गेली तर तुम्ही सगळेच बुडाल, गाडी तूच चालवत होतास म्हणून सांग. मी हो म्हटलं. ओपलबाई, मी तुमच्याकडे एकदाही आलो नाही. मला यायला तोंड नव्हतं."

मिस ओपलने त्याचे हात पाहिले. मग म्हणाली, "पाणी आणा कुणीतरी. याचे हात बघा."

ऑरव्हिल पाणी घेऊन आलाच होता. त्याने लेलंडचे हात बादलीत धरले आणि धरूनच ठेवले. म्हातारा हुंदके देत होता.

तुम्हाला वाटेल, गाव कोचवर तुटून पडलं असेल. छे. कोच मान झटकून पुढे निघाला, बँड पुन्हा वाजू लागला. मागून कुणीतरी पुटपुटलं की हे हंगाम संपल्यावर सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? दुसरा म्हणाला, आज तरी नको होतं. पोराचे हात बादलीत होते आणि यांना सामन्याची पडली होती.

तेव्हा हॉलिसने ट्रकमधून तारेचा ब्रश काढला.

"हॉलिस, नको," शेजारचा म्हणाला. "संघ एकही हरलेला नाही. वेडा झालास का?"

हॉलिस गुडघ्यांवर बसला आणि माझ्या तळाला ब्रश घातला. लोक ओरडले, कुणी त्याचा दंड धरला, कुणी गद्दार म्हणालं. तो घासत राहिला. काळे, चिकट लगदे खाली गळलेल्या पानांवर पडत होते. विजयामागून विजय निघत होता माझ्या पोटातून. थोड्या वेळाने ऑरव्हिलने लोखंडी उलथनं उचललं आणि धुराड्याच्या टोकाकडून सुरुवात केली. दोघे मधे भेटले, माझ्या पोटात, डोकं आत घालून.

आणि कासवं त्या संध्याकाळीही जिंकली.

हेच माझ्या मनातून जात नाही, मित्रांनो. नशीब माझ्या मळात कधी नव्हतंच. लेलंडने पोलिसांत जाऊन खरं काय ते लिहून दिलं, कोचने नाकारलं, आणि गाव कोचचं म्हणणं धरून बसलं. लेलंड आता परगावी टायरच्या दुकानात आहे. हाताची कातडी ओढली गेली आहे, मूठ पुरती मिटत नाही. पिकॅनच्या झाडाखाली दुसऱ्या कुणाची भट्टी उभी असते. मी हॉलिसच्या अंगणात आहे. शनिवारी मैदानाची गर्जना इथपर्यंत ऐकू येते, तेव्हा हॉलिस घरात जाऊन दार लावून घेतो, आणि मला वाटतं, आता ही माणसं पुन्हा कधी माझ्याभोवती जमणार नाहीत.

ऑरव्हिल येतो. मिस ओपल त्याच्या ट्रकमधून येते. मागच्या शनिवारी तिने दार ठोठावून हॉलिसला बाहेर काढलं आणि त्याच्या हातात काडीपेटी दिली. हॉलिसने जाळ केला. मग, त्या अपघातानंतर पहिल्यांदाच, ताट देताना त्याने तिच्या डोळ्यांत बघितलं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. हरलात की घासायला सगळेच येतात. जिंकत असताना घासा. लोक ओरडतील, नशीब पुसाल म्हणतील, तरी घासा. खाली कुणाचे तरी हात जळणार असतात.

आणि लेलंड सुट्टीला आला तर त्याला माझ्यापाशी बसू द्या. मला झाकण उघडून त्याला दाखवायचंय की मी आतून स्वच्छ आहे.