अंगावरची तकाकी

उंदरांच्या अंगावर तकाकी आली होती, हे अगदी खरं होतं. त्यात तिने पदरचं काही घातलं नव्हतं. चुकलं एवढंच, की ही गोष्ट तिने घरी जेवताना बोलून दाखवली, आणि तीही नवऱ्याला.

ती एका संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात कामाला होती. पिंजरे धुवायचे, खालचा भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, खाद्य घालायचं आणि उरलेलं तोलून ठेवायचं. पांढऱ्या उंदरांमध्ये तिची उमर गेली होती. नातेवाईक लग्नकार्यात तिच्याजवळ बसताना जरा अंतर ठेवून बसत, म्हणजे उंदीर तिच्या बाहीतून बाहेर येणार होते की काय!

नवरा शिंपी. घरातल्याच पुढच्या खोलीत मशीन, कातरकामाचं टेबल आणि एक मोठा आरसा. सगळे त्याला मास्तर म्हणत. मास्तरांना साखर होती. डॉक्टरांच्या गोळ्यांनी पोटात ढवळतं म्हणून कुरकुरत घ्यायचे. तळलेलं बंद, लोणी बंद, साय बंद. रोज ताटाकडे असे बघायचे, की जणू कुणी त्यांच्या हातातली कात्रीच काढून घेतली आहे.

म्हणून ती त्यांना रमवायला कामावरच्या गमती सांगायची. त्या दिवशी म्हणाली, "आमच्या गुलाबीवाल्यांना बघायला हवं तुम्ही. चरबी खाऊन खाऊन नुसते चकाकतात!"

"गुलाबीवाले कोण?"

"अहो, उंदीर. मॅडमनी दोन खोल्या केल्यात. दोन्हीकडे चरबीचं खाद्य, पण एकात क्रोमियमची पूड घालतात. सरमिसळ होऊ नये म्हणून पुडीचं खाद्य गुलाबी आणि बिनपुडीचं निळं. माझ्याकडे गुलाबी खोली."

मास्तरांचा घास हातातच राहिला. "क्रोमियम म्हणजे सायकलच्या हँडलला असतं ते?"

"ते की त्याचं कुणी भावंड, मला काय ठाऊक."

"आणि एवढी चरबी खाऊन तब्येत चांगली?"

"अंगावरून हात फिरवला तर नुसतं रेशीम!"

शिंप्यापुढे रेशमाचं नाव काढू नये. ते तिला नंतर कळलं.

आठवडा उलटायच्या आत औषधांच्या दुकानातून क्रोमियमच्या गोळ्यांची बाटली घरात आली. मास्तरांनी ती आरशासमोर ठेवली, म्हणजे एकीच्या दोन दिसाव्यात. डॉक्टरांच्या गोळ्या दोऱ्याच्या रिळांच्या खणात गेल्या. आणि ताटात लोणी आलं.

"अहो, हे काय?" तिने विचारलं.

"उंदरांनी कुठे पथ्य पाळलं होतं?"

"उंदरांना साखर कुठे होती?"

"अगं, तूच म्हणालीस ना? मी का मनाने करतोय? तुझा शब्द म्हणून करतोय. नाहीतर लोकांचे नवरे बायकांचं ऐकतात तरी का!"

यावर कोणती बाई काय बोलणार? इतकी वर्षं माझं ऐका, माझं ऐका म्हणून घसा कोरडा केला, आणि ऐकलं ते हे.

तिची नणंद कोटाची बाही सैल करून घ्यायला आली. बाटली बघून गाल फुगवून बसली. "वहिनी, भावालाच तेवढं सांगितलंस होय? मी काय परकी? या कोटात माझा दंड जात नाही ते दिसत नाही का तुला?" जाताना मास्तरांनी तिला मूठभर गोळ्या कागदात बांधून दिल्या. बाही मात्र तशीच राहिली.

खरं सांगायचं तर तिचाही धीर मधे मधे सुटायचा, म्हणजे उलट्या बाजूने. वाटायचं, असेलही गोळ्यांना गुण. मास्तरांच्या तळपायांची फार आग व्हायची. मशीन चालवून झालं की ते चपला काढून गार फरशीवर पाय टेकवून बसत आणि पावलं हळूहळू सरकवत राहत, फरशीचा नवा गार तुकडा शोधत. ते आता बंद झालं. "आग गेली बघ," एकदा ते म्हणाले, "पाय कसे शांत झालेत." चेहरा लहान मुलासारखा. ज्या गोष्टीने माणसाला बरं वाटतं तिला कुठल्या तोंडाने नावं ठेवायची?

मग प्रयोग संपत आला. निळ्या खोलीची बाई रजेवर गेली आणि ते पिंजरेही हिच्याकडे आले. सकाळी तिने निळ्या खोलीचा दिवा लावला आणि दारातच थांबली.

निळेवालेही चकाकत होते.

तिने एकाला उचललं. तेच रेशीम. त्याला खाली ठेवलं आणि हातमोज्याकडे पाहिलं. रबराचा मोजा दिव्याखाली तुपकट चमकत होता. बोटं एकमेकांवर घासली तर घसरत होती. गुलाबी खोलीतही मोजे असेच होत असणार, पण तिथे ती ते रोज न बघता काढून टाकत होती. तिने आयुष्यभर साधं, कोरडं खाद्य खाणारे उंदीर हाताळले होते. त्यांच्याशी तिने गुलाबीवाल्यांची तुलना केली होती. निळ्यांशी करायची असते, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

दुपारी मॅडम उंदरांच्या शेपटीतून रक्ताचा थेंब काढून साखर तपासत होत्या. तरुण होत्या, दमलेल्या होत्या, जेवणाचा डबा उघडाच पडला होता. तिने विचारलं, "मॅडम, यांच्या अंगाला तकाकी कशाची?"

"खाद्याची. मऊ असतं ना, अंगाला लागतं. मग ते चाटून चाटून सगळीकडे पसरवतात."

"आणि आतून?"

"आतून दोन्हीकडे सारखेच." मॅडमनी सुस्कारा सोडला. "वजन सारखंच वाढलंय. साखर वाढलीय तीही सारखीच. पुडीने फरक पडेल असं वाटलं होतं. या उंदरांत तरी दिसत नाही."

"आणि माणसांत?"

"ते मी माझ्या उंदरांवरून नाही सांगू शकत. का हो?"

तिने सांगितलं. मॅडमच्या हातातली सुई खाली आली.

"डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत ना पण?"

ती टेबलावरचा भुसा पुसत राहिली.

मॅडमनी तिथल्या तिथे फोन लावला. चांगलं समजावून सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. पलीकडून मास्तरांचा आवाज येत होता. "हो मॅडम. नक्की मॅडम. अगदी आजच्या आज."

मॅडमना हायसं वाटलं. तिला नाही. तो आवाज तिला पाठ होता. कापडाला कात्रीसुद्धा लागलेली नसताना मास्तर गिऱ्हाइकाशी ज्या गोड आवाजात बोलायचे, तो हा आवाज होता.

घरी आल्या आल्या तिने विषय काढला. मास्तर खडूने पाठीचा तुकडा आखत होते.

"मॅडमनी सांगितलं ना तुम्हाला? मी चुकले. ती तकाकी खाद्यातल्या तेलाची होती."

"म्हणजे आधी चकाकत होते, आता चकाकत नाहीत?"

"चकाकतात. पण दोन्हीकडचे चकाकतात!"

"मग उत्तमच की."

"अहो, आतून साखर वाढलीय त्यांची!"

मास्तरांनी खडू कानामागे ठेवला. "हे बघ, तुझ्या मॅडमचे उंदीर तुझ्या मॅडमना लखलाभ. माझ्या पायांची आग कुणी थांबवली? तेलाने?"

खणातून तिने गोळ्या काढल्या आणि पाण्याच्या पेल्याबरोबर पुढे धरल्या. मास्तरांनी त्या घेतल्या, हसले, आणि शर्टाच्या खिशात टाकल्या, बटणं टाकतात तशा.

उंदराच्या मानेला अलगद चिमटीत धरलं की तो गप्प बसतो. त्याचं वजन घ्या, त्याला औषध पाजा. तिला ते झोपेतही जमलं असतं. नवऱ्याच्या मानेला कसं धरायचं, हे मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती रागावून बघायची, रडून बघायची. एकदा लोण्याचं भांडं तिने शेजारी देऊन टाकलं, तर मास्तरांनी शेजारी जाऊन खाल्लं. एकदा अबोला धरला. अबोल्यात मास्तर फार सुखात राहिले.

मग सुट्टीची एक दुपार. मास्तर जुन्या पायमशीनवर बसून एक लांबलचक पडदा शिवत होते, अनवाणी. पायाखालचा पायटा एकसारखा खालीवर होत होता आणि ते काहीतरी गुणगुणत होते. ती फरशीवर बसून दोरीला बांधलेलं लोहचुंबक फिरवत होती. शिंप्याच्या घरात केरसुणीआधी लोहचुंबक. सांडलेल्या टाचण्या त्याला टुकटुक चिकटत होत्या.

मशीनखाली आल्यावर तिला पायट्यावर एक डाग दिसला. आधी वाटलं, तेलाचा असेल. मग पायटा वर आला आणि मास्तरांच्या उजव्या तळव्याखाली तांबडा थेंब पसरलेला दिसला.

"थांबा जरा."

"एवढी शिवण होऊ दे."

"थांबा म्हटलं ना!"

मशीन थांबलं. तिने पाऊल ओढून मांडीवर घेतलं. तळव्यात टाचणी होती. पिवळ्या डोक्याची, पूर्ण आत गेलेली, फक्त डोकं वर, कोटाच्या गळपट्टीवर लावल्यासारखी. भोवतीची कातडी लाल होऊन सुजली होती. ही आजची टाचणी नव्हती.

"अहो, पायात टाचणी आहे!"

"कुठे?" म्हणून मास्तरांनी डावा पाय उचलून बघितला.

तिने नखांच्या कडेने टाचणी पकडली आणि ओढली. सावकाश, पूर्ण लांबीची. तिला स्वतःच्या दातांपर्यंत कळ गेली. मास्तर पडद्याची किनार डोळ्यांजवळ धरून टाका सरळ आहे का बघत होते.

"निघाली का?" त्यांनी विचारलं.

आग गेली म्हणजे काय गेलं होतं, ते तिच्या मांडीवर पडलं होतं. तिने अंगठ्याने पाऊल दाबलं. मग जोरात दाबलं. मग अंगठ्याचं नख रुतेल इतकं.

"बघ, दुखलंसुद्धा नाही," मास्तर कौतुकाने म्हणाले. "मी म्हणालो नव्हतो? पूर्वी नुसता खडा लागला तरी जीव जायचा."

"चला," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे चला. मी पाया पडते तुमच्या."

"पायाच तर पडलीयेस," मास्तर हसले. मग तिचा चेहरा बघून त्यांचं हसू थोडं मावळलं. त्यांनी वाकून तिच्या केसात अडकलेला दोरा काढला आणि तो बोटाला गुंडाळला.

"तू सांगतेस आणि मी जाणार नाही का?" ते म्हणाले. "एवढा पडदा हातावेगळा करतो. उद्या सकाळी पहिलं काम तेच. नक्की. अगदी नक्की."

आवाज फार गोड होता.

तिने पदराने रक्त पुसलं. पाऊल उबदार होतं, जड होतं. ते तिने तसंच मांडीवर धरून ठेवलं, मास्तरांनी ते हळूच सोडवून घेऊन परत पायट्यावर ठेवेपर्यंत.