दुसऱ्यांदा मीठ

धाकट्या सुनेने भाजी चाखली, मीठ बेताचं असल्याची खात्री केली, झाकण ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राहिली. आज चोर रंगेहाथ पकडायचाच होता.

आठवडाभर तिची प्रत्येक भाजी खारट निघत होती. नवरा पाण्याच्या घोटाबरोबर घास ढकलायचा, सासरे नुसतेच खाकरायचे आणि थोरली जाऊ खाली मान घालून जेवायची. ती खाली मानच धाकटीला सलत होती. थोरलीला नोकरी लागली, स्वयंपाक धाकटीकडे आला आणि लगेच हे सुरू झालं. पाणी कुठे मुरतंय ते सांगायला ज्योतिषी कशाला हवा? काल तर तिने सगळ्यांदेखत सुनावलं होतं,

"दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही काहींना."

थोरली गप्पच राहिली होती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

पावलं वाजली. आत आल्या त्या सासूबाई. नेमक्या आत्ताच कशाला कडमडल्या, म्हणून धाकटी मनात चरफडली. सासूबाईंनी झाकण उचललं.

"मीठ राहिलंच की बाई," त्या स्वतःशी म्हणाल्या आणि चिमूट सोडून वळल्या. दारापाशी थबकल्या, परत आल्या आणि पुन्हा झाकण उचललं.

"मीठ राहिलंच की."

त्या गेल्या तेव्हा धाकटीच्या मागे थोरली उभी होती.

"ताई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"माझ्या वेळीही हेच. मी मीठ घालणंच सोडलं होतं."

"मग मला सांगायचंत ना! काल मी नको नको ते बोलले."

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आईंना कळलं असतं, तर त्यांनी इथे पाऊल टाकलं नसतं."

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तिने भाजीत मीठ घातलं नाही आणि मुद्दाम गच्चीवर जाऊन बसली. पण त्या दिवशी सासूबाईंचा खुर्चीतच डोळा लागला. त्या उठल्या त्या थेट जेवायलाच.

पहिल्या घासाला नवऱ्याने तोंड वाकडं केलं आणि मिठाच्या बरणीकडे हात नेला. थोरलीने बरणी स्वतःकडे ओढून घेतली.

सासूबाई मात्र चवीने जेवत होत्या.

"आज जमली हो तुला भाजी. मी लक्ष ठेवते म्हणून!"

मग थोरलीने आपलं ताट पुढे केलं.

"मलाही वाढ गं अजून."