पाणी आपलं आहे

नाते गावाजवळच्या वाडीत रामजी गुरुजींचं घर शोधायला कोणाला विचारावं लागत नाही. ओटीच्या भिंतीवर निळ्या रंगात, हातभर अक्षरांत लिहिलंय, ‘आधी स्वतः, मग दुसऱ्याला.’ शाळेतून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी गुरुजींनी शिडीवर चढून ते स्वतः रंगवलं.

आणि माणूस नुसता रंगवून थांबणारा नव्हे! पोरांना कारलं खा म्हणण्याआधी त्यांनी स्वतः महिनाभर कारलं खाल्लं. वाडीला तंबाखू सोडा म्हणण्याआधी स्वतःची डबी नदीत भिरकावली आणि मग आठवडाभर दिसेल त्याच्यावर खेकसत फिरले. त्यांची बायको जानकीबाई म्हणते, “तत्त्व ह्यांचं नि ताप माजा.”

यंदाच्या मे महिन्यात त्यांच्या मुलानं, सुहासनं, आपल्या लेकीला सुट्टीसाठी महाडहून आणून सोडलं. दीप्ती नुकतीच तिसरी पास झालेली. महाडला तो मोठा पूर आला तेव्हा ती बालवाडीतलं पोर होती. गळ्याएवढ्या पाण्यातून बापानं तिला खांद्यावर बसवून शेजारच्यांच्या माडीवर नेलं होतं. तिला त्यातलं काय आठवतं कोण जाणे, पण पाणी म्हटलं की पोरीचा चेहरा उतरतो. डोक्यावर तांब्या ओतायचा तरी डोळे गच्च मिटून.

“आबा, हिला पोहायला शिकवा,” सुहास म्हणाला. “आमची गल्ली नदीकाठची. पावसाळा तोंडावर आलाय. मला झोप लागत नाही हो.”

“एवढंच ना? मासोळी करून परत देतो!” गुरुजी छाती काढून म्हणाले.

चुलीपुढे जानकीबाई खुदकन हसली. गुरुजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

कारण गुरुजींना स्वतःला पोहता येत नव्हतं. घोट्याच्या वर पाणी आलं की ते मागे सरायचे. जानकीबाई सोडली तर ही गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती. शाळेची पोरं डोहावर नेली की गुरुजी खडकावर छत्री उघडून बसायचे. कशाला? तर कपडे सांभाळायला. अख्खी नोकरी त्यांनी कपडे सांभाळले, पण कोणाची एक चड्डी हरवू दिली नाही! तिथं बसून “पोहायला शिका रे” म्हणताना ‘आधी स्वतः’ हे तत्त्व त्यांना बरं आठवत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिघं डोहावर गेली. जानकीबाई माहेरची नदीकाठची. कासोटा खोचून ती पाण्यात शिरली, एक चक्कर मारून आली आणि कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून हाका मारू लागली, “ये गो बाय, मी हाय ना!”

दीप्तीच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला होता. पोर खडकाला चिकटली ती हलेचना. वाडीतला महिपत म्हशी डुंबवायला आला होता, तोही बघत उभा राहिला.

“उतर बाळ, भ्यायचं नाही!” गुरुजी छत्रीखालून म्हणाले. “पाणी आपलं आहे!”

हे गुरुजींचं ठेवणीतलं वाक्य. त्यांचे आजोबा चवदार तळ्याच्या सत्याग्रहात होते, तळ्यात उतरून ओंजळीनं पाणी प्यायले होते. दर मार्चमध्ये गुरुजी वाडीतल्या पोरांना तळ्याच्या पायऱ्यांवर उभं करून ती हकिगत सांगतात आणि शेवटी हात उंच करून म्हणतात, पाणी आपलं आहे! दीप्तीला ते सगळं तोंडपाठ.

तिनं वळून विचारलं, “आपलं आहे ना? मग तुम्ही उतरा की.”

“मी? मी कपडे सांभाळतोय ना.”

“कपडे कोण नेणार आहे आबा? आणि भिंतीवर काय लिहिलंय? आधी स्वतः.”

“गुरुजी, पोर नियमात बोलते हां!” महिपतनं म्हशी दिल्या सोडून आणि ऐसपैस बसकण मारली.

गुडघा दुखतोय, हे गुरुजींच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पोर त्यांच्याकडे डोळे लावून होती. आज गुडघा दुखला की ही पाण्यात कधीच उतरणार नाही, आणि पाऊस काही हिच्यासाठी थांबायचा नाही. शिवाय आबा म्हणतात ते सगळं नुसतं भिंतीवर लिहायचं असतं, हे मात्र ती पक्कं शिकेल. गुरुजींना स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी छत्री मिटली, सदरा काढला.

“डबा बांध गो,” ते बायकोला म्हणाले.

दीप्तीनं आपल्या पाठीचा डबा सोडून त्यांना दिला. जानकीबाईला हसू इतकं अनावर झालं की गाठच बसेना. शेवटी गुरुजी उतरले. घोटा, गुडघा, कंबर. छातीला पाणी लागलं मात्र, गुरुजींनी बायकोचा खांदा धरून बोंब ठोकली, “सोडू नको गो, जानके!”

महिपत हसून हसून आडवा झाला.

दीप्ती मात्र हसली नाही. खडकाच्या कडेला येऊन तिनं हळूच विचारलं, “आबा, तुम्हाला पण भीती वाटते?”

सकाळीच घरात बुद्धवंदना झाली होती. खोटं न बोलण्याचं शील म्हटल्याला तास झाला नव्हता. आणि काठावर महिपत बसलेला! गुरुजींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा नातीकडे.

“वाटते,” ते म्हणाले, आणि शाळेतली शुद्ध भाषा वाहून गेली. “लय वाटते, बाय. मला पोवायला येत नाय. कधीच येत नव्हतं.”

“मला वाटलं, मला एकटीलाच वाटते,” दीप्ती म्हणाली. मग नाक धरून ती आजीच्या हातांत उतरली आणि तिनं आजोबांचा हात पकडला. त्या दिवशी एकाच डब्याला दोघं लोंबकळली, मधे आजी.

सुहास न्यायला आला तेव्हा मे संपत आला होता. त्याला खडकावर छत्रीखाली बसवलं, कपडे सांभाळायला. दीप्तीनं डब्याशिवाय उडी घेतली आणि सपासप हात मारत पलीकडचा काठ गाठला. सुहास छत्री टाकून उभाच राहिला. गुरुजींचा डबा काही अजून सुटला नव्हता. ते काठाजवळच पाणी बडवत होते.

पलीकडून दीप्तीनं हात उंच केला. “आबा! पाणी आपलं आहे!”

गुरुजींचा ऊर भरून आला. त्यांनीही हात उंच केला, ओरडायला तोंड उघडलं, आणि डोहाचं पाणी घटाघट पोटात गेलं. आज्यानं तळ्याचं पाणी ओंजळीनं प्यायलं होतं, नातवानं डोहाचं नाकातोंडानं.