शांतवन सरांची भिंत

शेवगावात शांतवन भिंगारदिवे सरांचं घर विचारलं, तर लोक घर सांगत नाहीत, भिंत सांगतात. "बुडलेल्या कंपन्यांची भिंत ना? चर्चच्या मागच्या गल्लीत." सर चित्रकलेचे शिक्षक. चौतीस वर्षं त्यांनी पोरांकडून कलशावरचा नारळ काढून घेतला आणि निवृत्त झाल्यावर हा एक नाद लावून घेतला. जी कंपनी गाशा गुंडाळून पळाली, जिच्या शटरला पोलिसांनी सील ठोकलं, तिनं चांगल्या दिवसांत लोकांना वाटलेली वस्तू सरांना हवी असायची. घड्याळ, छत्री, टिफिन, टोपी, काहीही चालायचं. चालायचं नाही ते फक्त नकली.

बाहेरच्या खोलीतली मोठी भिंत त्यासाठी रिकामी केली होती. तिथलं चर्चचं कॅलेंडर स्वयंपाकघरात गेलं, लग्नातला फोटो कपाटावर गेला. आता तिथं 'गरुडझेप इमू फार्म्स'ची छत्री होती, जिच्यावर न उडणारा पक्षी मोठ्या ऐटीत उभा होता. 'हरितलक्ष्मी सागवान'चा हिरवा टी-शर्ट होता. ती झाडं कुठल्या रानात लावली ते अजून कुणाला सापडलेलं नाही, पण टी-शर्टचा रंग काही उडत नव्हता. 'त्रिवेणीधन मल्टिस्टेट'ची तर सहा घड्याळं होती, कारण ती संस्था प्रत्येक मुदत ठेवीवर एक घड्याळ द्यायची. सहाही बरोबर वेळ दाखवायची. सर स्वतःच्या पेन्शनमधून त्यांचे सेल बदलत.

एकदा कर्जतहून एक टेम्पोवाला 'त्रिवेणीधन'ची टोपी विकायला घेऊन आला. सरांनी अंगठा ओला करून अक्षरांवर घासला. शाई अंगठ्यावर आली. सरांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. लोकांना फसवणाऱ्या कंपनीच्या नावानंही कुणी फसवायला निघतो याचा त्यांना मनापासून संताप आला होता.

प्रत्येक वस्तूखाली पोस्टकार्डाएवढं पांढरं कार्ड असे. कट निबनं, काळ्या शाईत, चार ओळी: वस्तू, कंपनी, कोणाला मिळाली, कशाबद्दल मिळाली. चौथ्या ओळीत सरांचा खरा जीव. 'पाच सभासद आणल्याबद्दल.' 'मालकाच्या वाढदिवसाला केक नेल्याबद्दल.' 'सासऱ्याचे पैसे सासऱ्याला न विचारता गुंतवल्याबद्दल.' लोक येत, वाचत आणि पोट धरून हसत. ज्यांची वस्तू असे तेही हसत, कारण शेजारीच भावकीतल्या कुणाचं तरी कार्ड असे. जाताना मात्र प्रत्येक जण एक वाक्य बोलून जाई, "सर, अक्षर काय सुंदर आहे हो तुमचं." सरांना एवढं पुरे होई.

आता या भिंतीचा एक असा उपयोग सुरू झाला जो सरांच्या ध्यानीमनी नव्हता. कुणाला पैसे कुठं ठेवायचे असले, की तो आधी सरांच्या घरी चक्कर मारायचा. ज्या कंपनीची वस्तू भिंतीवर, ती बुडालेली. हे खरंच. पण लोक त्याच्यापुढं एक पायरी स्वतःच चढले. जिची वस्तू भिंतीवर नाही, ती चांगली. लोक वकिलाला विचारत नव्हते, बँकेच्या साहेबाला विचारत नव्हते. खिडकीतून भिंत बघत आणि समाधानानं घरी जात. सरांना हे कळलं तेव्हा ते खुदकन हसले. गावाच्या अकलेवर एक नवं कार्ड लिहावं असं त्यांना वाटलं. समजूत मात्र त्यांनी कुणाची दुरुस्त केली नाही. खरं सांगायचं तर हा मान त्यांना आवडला होता.

अशात समर्थ आला. समर्थ हा सरांचा जुना विद्यार्थी. नारळ कधी धड काढता आला नाही, पण आता गळ्यात चेन, दारात पांढरी गाडी आणि ओठांवर शेअर बाजार. त्यानं 'सोनपावली कॅपिटल' काढली होती. महिन्याला आठ टक्के.

"सर, उद्घाटनाला तुमी पायजेच," तो पाया पडत म्हणाला. "पहिल्या रांगेत. बोलू नका काय, नुसतं बसा."

सरांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पंधरा वर्षांत त्यांचं नाक तयार झालं होतं. ऑफिस उघडायच्या आधी घड्याळं छापून आलेली, पत्रिकेवर देवाच्या फोटोपेक्षा मालकाचा फोटो मोठा, आणि नफा कशातून होतो ते विचारलं की गोव्याच्या सहलीचं बोलणं. सरांनी मनातल्या मनात आकडा मांडला: एक वर्ष. फार तर चौदा महिने.

ते नको म्हणणार होते. तेवढ्यात समर्थनं खोक्यातून ब्लेझर काढला.

इथं थोडं थांबायला हवं, कारण ब्लेझर म्हणजे काय हे नाद नसलेल्या माणसाला कळायचं नाही. घड्याळं पोत्यानं मिळतात. छत्र्या मिळतात. पण ब्लेझर कंपनी फक्त मोठ्या एजंटांना देते, आणि कंपनी बुडाली की एजंट सगळ्यात आधी ब्लेझर जाळतो, कारण अंगावर तो दिसला तर मार पडतो. सरांच्या भिंतीवर एकही ब्लेझर नव्हता. देवळाली प्रवरेपर्यंत जाऊन त्यांनी एका एजंटाच्या चुलीच्या राखेतून दोन बटणं आणली होती, तीच काय ती जमा. आणि हा तर निळाशार, खिशावर सोनेरी जरीची पावलं, बाहीला कागद अजून तसाच.

"अकराच शिवलेत, सर. डायमंड लीडरांसाठी. ह्यो बारावा, तुमच्या मापाचा. घरचे म्हणून."

सर पहिल्या रांगेत बसले. समर्थनं भाषणात त्यांचं नाव तीनदा घेतलं. ब्लेझर मात्र त्यांनी अंगात घातला नाही, तो घरीच कपाटात गेला. भिंतीवर तो लावता येत नव्हता. कंपनी बंद पडल्याशिवाय वस्तू लावायची नाही, हा त्यांचा नियम होता आणि सर नियमाचे पक्के.

"किती टिकेल ही?" एलिझाबेथबाईंनी विचारलं. त्या निवृत्त नर्स. नवऱ्याच्या नादाला त्या 'भंगार' म्हणत, पण नवऱ्याच्या नाकावर त्यांचा विश्वास होता.

"वर्षभर."

"मग सांगा की लोकांना."

"कुणी विचारलं तर सांगीन," सर म्हणाले. "आपण होऊन कशाला?"

आठवड्याभरातच विचारणारं माणूस आलं. मनकर्णा समोरच्याच बोळात राहायची. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. स्टँडच्या बाहेर फळकुटावर चूल मांडून बाजरीच्या भाकऱ्या विकायची आणि रोज दुपारी दोन भाकऱ्या सरांकडे पोचवायची. स्टँडसमोर एक छोटा गाळा घ्यायचा, वर 'मनकर्णा भाकरी केंद्र' अशी पाटी लावायची, आणि ती पाटी सरांनीच रंगवायची, एवढं तिचं ठरलेलं होतं. त्यासाठी तिनं तीन लाख साठवले होते. अजून दोन कमी पडत होते.

भाकऱ्या ठेवून ती भिंतीपुढं उभी राहिली. चौथीपर्यंत शिकलेली, बोट ठेवून एकेक कार्ड वाचत गेली. शेवटच्या कार्डापर्यंत गेली आणि वळली.

"सर, सोनपावली हितं न्हाई ना?"

हीच वेळ होती. सरांच्या ओठांवर आलंही होतं: मनकर्णा, पैसे घरात पुरून ठेव, पण तिथं देऊ नकोस. पण मनकर्णा म्हणजे स्टँड. तिला सांगितलं की संध्याकाळपर्यंत गावाला कळणार, आणि उद्या सकाळी समर्थ दारात येऊन म्हणणार, सर, ब्लेझर द्या. घरचे म्हणून दिलेला. सरांना कपाटातला तो निळा रंग दिसला.

"भिंतीवर नाही अजून," सर म्हणाले.

वाक्यात एक शब्दही खोटा नव्हता. 'अजून' हा शब्द तर त्यांनी मुद्दाम घातला होता, आणि दुपारभर ते स्वतःला तेच समजावत राहिले. आत एलिझाबेथबाईंनी पोळपाट आपटल्याचा आवाज आला.

सरांचा अंदाज दोन महिन्यांनी चुकला. 'सोनपावली' दहाव्या महिन्यातच बसली. एका सोमवारी ऑफिसचं शटर उघडलं नाही, समर्थचा मोबाईल बंद, आणि पांढरी गाडी कुठल्याशा पेट्रोल पंपावर सापडली. पुढचे आठ दिवस सरांकडे रीघ लागली. घड्याळं, बॅगा, पाण्याच्या बाटल्या. माणसं आणून टेबलावर ठेवायची आणि खुर्चीत बसून राहायची. कुणी हसत नव्हतं. सरांनी एकही कार्ड लिहिलं नाही. हात दुखतोय, असं सांगितलं.

मनकर्णा सगळ्यात शेवटी आली. पदराखाली एक हॉटपॉट होता, झाकणावर सोनेरी पावलं. घासूनपुसून लख्ख करून आणलेला.

"ह्यो तीन लाखांवर मिळाल्ता," ती म्हणाली. "म्या भाकरी ठिवायची ह्याच्यात. लावा तुमच्या भिंतीवर."

सरांनी सवयीनं कार्ड पुढं ओढलं. वस्तू: हॉटपॉट. कंपनी: सोनपावली कॅपिटल. कोणाला मिळाली: मनकर्णाबाई. चौथ्या ओळीवर निब थांबला.

"लिवा," ती म्हणाली, "भिंत बघून पैसं भरल्याबद्दल." आणि सरांचा चेहरा पाहून तिलाच वाईट वाटलं. "तुमी मनाला लावून घिऊ नका, सर. तुमाला तरी काय म्हाईत असनार. तुमी बी फसला, आमी बी फसलो. तुमच्यासारख्या देवमानसाला बी त्यानं पहिल्या रांगंत बशिवलं."

दारात एलिझाबेथबाई उभ्या होत्या. नवऱ्याकडं बघत राहिल्या. सरांना लाज वाटली. उभ्या जन्मात वाटली नव्हती एवढी वाटली. गप्प राहिलं तर कुणालाही काही कळणार नव्हतं. समर्थ पळालेला, ब्लेझर घराबाहेर कुणी पाहिलेला नव्हता, आणि समोरची बाई त्यांना स्वतःहून सोडून देत होती.

सर उठले. कपाटातून ब्लेझर काढला आणि भिंतीवर छत्री आणि टी-शर्टच्या मधोमध खिळ्याला अडकवला. मग बसून नवं कार्ड लिहिलं. घाई केली नाही. काना, मात्रा, वेलांटी सगळं जागच्या जागी. ते टाचणीनं ब्लेझरच्या खिशाखाली लावलं आणि बाजूला झाले.

मनकर्णा पुढं झाली. बोट ठेवून वाचू लागली.

'वस्तू: ब्लेझर. कंपनी: सोनपावली कॅपिटल. कोणाला मिळाली: शांतवन भिंगारदिवे, निवृत्त कलाशिक्षक. कशाबद्दल मिळाली: माहीत असून गप्प बसल्याबद्दल.'

चौथी ओळ तिनं दोनदा वाचली. बोट 'माहीत' या शब्दावर थोडा वेळ राहिलं.

"अक्षर लई चांगलं हाय, सर," ती म्हणाली.

मग टेबलावरचा हॉटपॉट तिनं उचलला, झाकण नीट बसलंय का ते पाहिलं आणि पदराखाली घेतला. "ह्यो ऱ्हाऊ द्या मला. कंपनी कशीबी आसंना, भाकरी गरम ऱ्हाती ह्याच्यात."

ती गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी सर जेवायला बसले. भाकऱ्यांसाठी बराच वेळ ते दाराकडं बघत होते. शेवटी एलिझाबेथबाईंनी भाताचं पातेलं पुढं सरकवलं.